आरशासारखी घासलेली स्लाइड का अडकते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुन्या मशीनच्या टेबलाची बिडाची स्लाइड ग्राइंड करून घेतली, वर बारीक दाण्यांच्या पेस्टने घासून लॅपही केली. बोट फिरवलं तर काचेसारखी लागते. तरीही टेबल हळू सरकवताना पूर्वीपेक्षा जास्त अडकतं, धक्के देत चालतं, आणि रात्रभर उभं राहिलं की सकाळी हलवायला जास्तच जोर लागतो. खडबडीतपणा कमी केला, मग घर्षण वाढलं कसं?

स्लाइड, बेअरिंग, सिलिंडर यांच्या दुरुस्तीत माझी २८ वर्षं गेली आहेत आणि हा प्रश्न मला दर वर्षा-दोन वर्षांनी कुणी ना कुणी विचारतंच. तुमच्या ग्राइंडिंगमध्ये बहुधा काहीच चूक नाही. ‘जितकं गुळगुळीत तितकं घर्षण कमी’ हे शाळेतलं वाक्य अर्धवट आहे, म्हणून हा गोंधळ होतो. उरलेलं अर्धं समजलं की तुमची स्लाइड का अडकते आणि तिचं काय करायचं, दोन्ही कळेल.

शाळेत चित्र काढतात ते करवतीच्या दात्यांसारखं: वरच्या धातूचे दाते खालच्या दात्यांत अडकतात, ते ओलांडायला जोर लागतो, तेच घर्षण. हे चित्र फार जुनं आहे. आमाँताँ यांनी १६९९ मध्ये घर्षणाचे नियम मांडले आणि कुलाँ यांनी १७८५ मध्ये ते बारकाईच्या प्रयोगांनी तपासले. दोघांच्याही डोक्यात साधारण हेच चित्र होतं. त्यातली खोट लेस्ली यांनी १८०४ मध्येच दाखवली होती. एका दात्याचा चढ चढताना जोर लागतो हे खरं, पण पुढच्या उतारावर तो परत मिळायला हवा. पूर्ण प्रवासाचा हिशेब केला तर नुसत्या चढ-उतारात ऊर्जा खर्चच होत नाही. घर्षणात मात्र ती सतत खर्च होते, धातू तापतो. म्हणजे ऊर्जा खाणारं काहीतरी वेगळंच आहे.

ते काय आहे याचं पटण्याजोगं उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यावर बाउडन आणि टेबर यांच्या कामातून मिळालं. दोन धातू एकमेकांवर ठेवले की ते सगळीकडे टेकत नाहीत, फक्त सर्वांत उंच टोकांवर टेकतात. सगळा भार त्या थोड्या टोकांवर येतो, तिथला दाब धातूच्या कठीणपणाइतका चढतो, टोकं दबून चपटी होतात, आणि भार पेलण्यापुरती जागा तयार झाली की दबणं थांबतं. म्हणून खऱ्या संपर्काचं क्षेत्रफळ म्हणजे भार भागिले कठीणपणा. तुमच्या टेबलाचं वजन मला माहीत नाही, पण समजा ५०० किलो, म्हणजे सुमारे ५,००० न्यूटन. बिडाचा कठीणपणा सुमारे २,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरा. भागाकार येतो २.५ चौरस मिलिमीटर. हातभर लांब स्लाइडवर एवढं मोठं टेबल उभं आहे आणि धातूला धातू खरोखर लागतो तो सगळा मिळून टाचणीच्या डोक्याएवढा! हे गणित मी पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा माझा स्वतःचा विश्वास बसला नव्हता.

या चिमुकल्या जागांवर दोन्हीकडचे अणू इतके जवळ येतात की धातू अक्षरशः जोडला जातो. सरकवायचं म्हणजे हे सांधे कातरून तोडायचे. घर्षणाचा मोठा भाग हाच. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की या हिशेबात खडबडीतपणा कुठेच आला नाही. भार आला, कठीणपणा आला, सांध्यांची कातरताकद आली. म्हणूनच मशीनिंगच्या नेहमीच्या पल्ल्यात, कोरड्या धातूवर, फिनिश बदलून घर्षणांक (सरकवायला लागणारा जोर भागिले भार) फारसा हलत नाही. तो हलतो दोन टोकांना. फार खडबडीत असेल तर कठीण टोकं मऊ धातूत नांगर चालवतात आणि टोकांना खरोखरच एकमेकांवर चढावं लागतं. फार गुळगुळीत असेल तर संपर्क वाढतो, सांधे एकमेकांना जोडून मोठे होऊ लागतात, आणि मधलं तेल किंवा मळ बाहेर ढकलला जातो.

नांगरण्याचा भाग किती, याचाही अंदाज करता येतो. कठीण टोक शंकूसारखं धरलं तर नांगरण्यामुळे येणारा घर्षणांक साधारण उताराच्या कोनाच्या टॅन्जंटला २ भागिले पायने गुणून मिळतो. खडबडीतपणा मोजणाऱ्या यंत्राच्या कागदावर टोकं सुयांसारखी दिसतात, कारण त्या आलेखात उंची आडव्या मापाच्या शंभरपट, कधी त्याहूनही जास्त ताणलेली असते. खऱ्या मापात पाहिलं तर ग्राइंड केलेला पृष्ठभाग माळरानासारखा असतो, उतार जेमतेम काही अंशांचे. ५ अंशांचा उतार धरला तर नांगरण्याचा वाटा ०.०६ च्या आत येतो. हवेतल्या कोरड्या पोलादावर पोलाद सरकताना घर्षणांक ०.५ किंवा त्याहून जास्त असतो. बाकीचा सगळा सांध्यांचा.

गुळगुळीतपणाचं दुसरं टोक बघायचं असेल तर स्लिप गेज, म्हणजे मापं तपासायचे ठोकळे, हातात घ्या. आरशासारखे लॅप केलेले दोन ठोकळे किंचित दाबून एकमेकांवर सरकवले की असे चिकटतात की एक उचलला तर दुसरा सोबत उचलला जातो. मधल्या अतिपातळ द्रवाच्या थराचा आणि रेणूंच्या आकर्षणाचा तो परिणाम. मापनासाठी हा गुण अमूल्य आहे. स्लाइडसाठी तोच गुण शाप आहे. रात्रभर उभ्या टेबलाखाली नेमकं हेच घडतं: भाराने तेल हळूहळू पिळून बाहेर जातं, परत यायला वाट नसते, कारण तुम्ही सगळ्या वाटा घासून काढल्या.

धातू आणखी का चिकटत नाहीत, असा प्रश्न इथे पडायला हवा. कारण आपल्या अवतीभवतीचा कुठलाही धातू उघडा नसतो. त्यावर ऑक्साइडचा थर असतो, वर ओलावा, वर तेलकटपणा. हे थर सांधे नीट जुळू देत नाहीत. निर्वात जागेत ते घासून गेले तर स्वच्छ धातू एकमेकांना सरळ धरतात आणि घर्षणांक १ च्या वर सहज जातो. गॅलिलिओ या अवकाशयानाची मोठी अँटेना १९९१ मध्ये पूर्ण उघडली नाही. तिच्या काही पिना आपल्या खोबणींतून सुटल्या नव्हत्या, आणि त्यांच्यावरचं कोरडं वंगण आधीच्या वाहतुकीत घासून गेलं असावं, असा तपासाचा निष्कर्ष होता. जमिनीवरच्या मशीनला इतकी वाईट वेळ येत नाही, पण तत्त्व तेच आहे.

आता तेल आणू, कारण तुमची स्लाइड कोरडी चालत नाही आणि खडबडीतपणाची खरी सत्ता इथेच सुरू होते. स्ट्रिबेक यांनी १९०२ च्या सुमारास बेअरिंगवर केलेल्या मोजमापांतून जी वक्ररेषा पुढे त्यांच्या नावाने ओळखली गेली, ती प्रत्येक फिटरने डोक्यात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. वेग खूप कमी असताना तेलाचा थर तुटलेला असतो, टोकं टोकांना लागतात, घर्षणांक साधारण ०.१ च्या आसपास राहतो. वेग वाढला की तेल आत ओढलं जातं, भार अर्धा तेलावर अर्धा टोकांवर येतो आणि घर्षण झपाट्याने उतरतं. आणखी वेग वाढला की धातू पूर्ण तरंगतो, घर्षणांक ०.०१ च्याही खाली जातो, आणि मग फक्त तेलाच्या चिकटपणामुळे पुन्हा हळूहळू चढतो.

आपण या रेषेवर कुठे आहोत हे ठरवण्यासाठी तेलाच्या थराची जाडी दोन्ही पृष्ठभागांच्या एकत्रित खडबडीतपणाने भागतात. एकत्रित म्हणजे दोघांच्या वर्गमध्यमुळी मापांचे वर्ग करून बेरीज आणि तिचं वर्गमूळ. एक बाजू ०.४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दुसरी ०.३, तर एकत्रित ०.५. तेलाचा थरही ०.५ मायक्रॉन असेल तर गुणोत्तर १, म्हणजे टोकं भरपूर लागताहेत. तेच भाग ०.१५ आणि ०.१ पर्यंत घासले तर एकत्रित ०.१८ येतं आणि गुणोत्तर जवळजवळ २.८. ३ च्या वर टोकं क्वचितच लागतात. म्हणजे तेल, वेग, भार काहीही न बदलता निव्वळ फिनिशने भाग तरंगू लागला. वेगाने फिरणारी बेअरिंग आणि गिअर अतिगुळगुळीत करण्यात पैसा घालतात तो याचसाठी, आणि तिथे शाळेतलं वाक्य अगदी खरं ठरतं.

पण टेबल मिनिटाला काही मिलिमीटर सरकत असेल तर तेलाचा थर तयारच होत नाही. मायक्रॉनच्या काही शतांशाचा थर असेल तर ०.१८ नेही काही साधत नाही, टोकं लागणारच. मग प्रश्न बदलतो. टोकं कशी चुकवायची हा विचार सोडून टोकं लागत असताना त्यांच्याजवळ तेल कसं ठेवायचं हे पाहावं लागतं, आणि तेल ठेवायला खोलगट जागा लागतात.

इथे आरए या खडबडीतपणाच्या आकड्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ड्रॉइंगवर आरए लिहिलं की काम झालं असं समजणारे अनेक चांगले इंजिनिअर मी पाहिले आहेत. आरए म्हणजे मध्यरेषेपासून वर-खाली जाण्याची सरासरी. आता असं करा: एखाद्या पृष्ठभागाचा आलेख घ्या आणि कागद उलटा धरा. शिखरांच्या दऱ्या झाल्या, दऱ्यांची शिखरं. आरए? जसंच्या तसं. आता घर्षणाच्या दृष्टीने विचार करा. एक पृष्ठभाग सपाट मैदान, त्यात मधूनमधून खोल चऱ्या. दुसरा तेवढंच सपाट मैदान, त्यावर मधूनमधून उभे सुळके. पहिला तेल धरून ठेवतो आणि भार रुंद पठारावर घेतो. दुसरा समोरच्या बुशला, म्हणजे शाफ्टभोवतीच्या मऊ धातूच्या नळीला, कानशीसारखा खातो. दोघांचं आरए ०.४ असू शकतं! सुळके आणि चऱ्या वेगवेगळ्या मोजायची सोय आहे: पृष्ठभागाचा भारवाहक आलेख, म्हणजे कुठल्या उंचीवर किती धातू आहे हे दाखवणारी रेषा, काढतात, त्याच्या वरच्या टोकाला आरपीके म्हणजे झिजून जाणारी शिखरं आणि खालच्या टोकाला आरव्हीके म्हणजे तेल धरणाऱ्या दऱ्या. या आलेखाची कल्पना अॅबट आणि फायरस्टोन यांनी १९३३ मध्ये मांडली. जिथे सरकणं महत्त्वाचं आहे तिथे माझ्या हातून निघणाऱ्या ड्रॉइंगवर आरएसोबत हे दोन आकडे असतातच. शिखरं कमी मागतो, दऱ्या पुरेशा मागतो.

इंजिनाचा सिलिंडर याचं सर्वांत सुंदर उदाहरण आहे. आधी जाड दाण्याच्या होनने, म्हणजे घासायच्या दगडाने, खोल तिरक्या चऱ्या पाडतात, एकमेकींना छेदणाऱ्या, साधारण ४५ ते ६० अंशांच्या कोनात. मग बारीक होनचे थोडे फेरे देऊन फक्त शिखरं कापतात. उरतं पठार आणि त्यात चऱ्यांचं जाळं. पिस्टन रिंग पठारावरून सरकते, चऱ्या तिला तेल पुरवतात. रिंग वर आणि खाली टोकाला क्षणभर थांबते, वेग शून्य होतो, तिथे तेल ओढलं जाणं बंद पडतं. त्या क्षणी चऱ्यांतलं तेलच तिला वाचवतं. एका दुरुस्तीच्या कामात कारागिराने चांगल्या भावनेने लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, बारीक होनने आरशासारखे चमकवून दिले होते. इंजिन काही तासच चाललं, रिंग कधी नीट बसल्याच नाहीत, आणि उघडलं तेव्हा लायनरवर वरच्या टोकाशी उभे ओरखडे होते. चूक माझीही होती, कारण मी फक्त आरएचा आकडा लिहून दिला होता आणि तो त्याने तंतोतंत पाळला होता. त्या दिवसापासून मी चऱ्यांचा कोनही लिहितो आणि दऱ्यांची खोलीही.

चऱ्यांची दिशा हा वेगळा विषय आहे, पण थोडं सांगतो. कठीण शाफ्टवर लांबीच्या दिशेने ओरखडे असतील तर प्रत्येक ओरखड्याची कड मऊ बुशला आडवी भिडते आणि कापते. तेच ओरखडे गोलाकार, फिरण्याच्या दिशेत असतील तर त्रास पुष्कळ कमी. उलट दोन्ही भागांवर सरकण्याच्या दिशेत समांतर रेघा असतील तर एकाच्या कडा दुसऱ्याच्या खाचांत रुळासारख्या बसू शकतात आणि तेलही रेघांतून निघून जातं. म्हणून दोन सपाट भागांवर एकमेकांना छेदणाऱ्या रेघा मला जास्त आवडतात. आणि दोघांत जो कठीण आहे त्याचा फिनिश आधी सुधारा. मऊ भागाचे सुळके स्वतःच दबून जातील. कठीण भागाचे जाणार नाहीत.

आता तुमच्या स्लाइडकडे. धक्के देत चालणं म्हणजे स्टिक-स्लिप. उभ्या टेबलाला सुटायला लागणारा जोर चालत्या टेबलापेक्षा जास्त आहे, आणि तुमचा स्क्रू, नट, ब्रॅकेट हे सगळं मिळून एक स्प्रिंग आहे. स्क्रू फिरतो, स्प्रिंग ताणली जाते, टेबल हलत नाही. मग एकदम सुटतं, पुढे उडी मारतं, स्प्रिंग ढिली पडते, टेबल पुन्हा थांबतं. सुटतानाचं आणि चालतानाचं घर्षण यांतला फरक जितका मोठा आणि ड्राइव्ह जितका लवचिक, तितक्या उड्या मोठ्या. लॅपिंगने तुम्ही तो फरक वाढवला. थांबलेल्या टेबलाखालचं तेल निघून जातं, सांधे वेळेनुसार घट्ट होत जातात, आणि सुटल्यावर मात्र टेबल हलकं चालतं.

जुने कारागीर स्लाइडला हाताने स्क्रेपर मारत, ते दिसायला छान म्हणून नाही. समोरच्या भागाला निळा रंग लावून, टेकलेले ठिपके बघून, तेवढेच खरवडत. चांगल्या स्लाइडवर एका इंचाच्या चौकोनात २० च्या आसपास ठिपके येतात, सगळे एकाच पातळीवर, आणि त्यांच्यामध्ये काही मायक्रॉन खोल उथळ खोलगे राहतात. म्हणजे ते हाताने केलेलं पठार आणि दऱ्याच आहे. ठिपके भार घेतात, खोलगे तेल धरतात आणि झिजेचा बारीक कचराही पोटात घेतात. हा कचऱ्याचा मुद्दा लोक विसरतात. सुटलेला कण जर जायला जागाच नसेल तर दोन धातूंमध्ये गोळी होऊन फिरतो आणि नांगरतो.

लेझरने पाडलेले खळगे हे याच कल्पनेचं नवं रूप. सुमारे १०० मायक्रॉन रुंद आणि काही मायक्रॉन खोल खळगे सपाट सीलच्या चेहऱ्यावर पाडले तर प्रत्येक खळगा छोट्या बेअरिंगसारखा दाब तयार करतो आणि घर्षण चांगलंच उतरतं. पण हे सर्वत्र चालत नाही. गिअरच्या दातासारख्या, रेषेवर प्रचंड भार घेणाऱ्या संपर्कात खोल खळगा आला की तेलाचा थर तिथेच कोसळतो. सपाटाला सपाट लागत असेल तर खळगे, रेषेला रेषा लागत असेल तर गुळगुळीतपणा, असं मी ढोबळमानाने धरतो.

स्टेनलेसचं मात्र वेगळं लक्षात ठेवा, कारण पुढेमागे तुम्ही तिथेही पॉलिश करायला जाल. स्टेनलेसवर स्टेनलेस सरकताना ऑक्साइडचा पातळ थर तुटला की धातू धातूला धरतो, आणि नट अर्ध्या वाटेत कायमचा जाम होतो. आरए ०.२५ मायक्रॉनच्या खाली चमकवलं तरी हा धोका वाढतो आणि १.७५ च्या वर खडबडीत ठेवलं तरी वाढतो. मधला पल्ला ठेवा, दोन्ही भागांचा कठीणपणा वेगळा ठेवा आणि जोडताना जाम न होऊ देणारी पेस्ट लावा.

तुमच्या स्लाइडसाठी मी या क्रमाने जाईन. आधी लॅपिंगची पेस्ट पूर्ण धुऊन काढा, रॉकेलने, दोनदा. तिचे दाणे बिडात रुतून बसतात आणि महिनाभर टेबल खातात. ते उरले असतील तर पुढचं सगळं वाया. मग तेल बघा. साध्या हायड्रॉलिक तेलाऐवजी स्लाइडवेचं तेल वापरा, चिकटपणा आयएसओ व्हीजी ६८ चा. त्यात धातूला धरून राहणारी द्रव्यं असतात आणि सुटतानाचं घर्षण ती चालतानाच्या घर्षणाजवळ आणतात. तेवढ्यानेच धक्के थांबले तर स्लाइडला हात लावू नका. गिब (स्लाइडमधली फट जुळवायची पट्टी) जास्त घट्ट नाही ना आणि स्क्रूच्या ब्रॅकेटचे बोल्ट ढिले नाहीत ना, हेही याच वेळी तपासा.

तरीही अडकलं तर दोनपैकी एक भाग, शक्यतो छोटा म्हणजे टेबलाचा, हाताने स्क्रेप करून घ्या. बेडचा, म्हणजे खालच्या स्थिर भागाचा, ग्राइंड केलेला चेहरा तसाच राहू द्या, तो ठिपके तपासायचा मास्टर म्हणून उपयोगी पडेल. ठिपके सपाट आल्यावर त्यांच्यात अर्धचंद्राचे उथळ घाव मारून घ्या, पण कडेपर्यंत नेऊ नका, नाहीतर तेल कडेने निघून जाईल. तेलाच्या मुख्य खाचाही कडेच्या १० मिलिमीटर अलीकडेच थांबवा. स्क्रेप करणारा कुणी मिळत नसेल तर टेबलाच्या बाजूला कांस्यपूड घातलेल्या टेफ्लॉनची पट्टी चिकटवता येते. तिचं सुटतानाचं आणि चालतानाचं घर्षण जवळजवळ सारखं असतं. तशा पट्टीसमोर तुमचा गुळगुळीत बेड उत्तम चालेल, म्हणजे केलेलं ग्राइंडिंगही कामी येईल. फक्त पट्टीच्या जाडीएवढी टेबलाची खालची बाजू आधी तासून घ्यायला विसरू नका, नाहीतर स्क्रू आणि नट यांचं अक्ष जुळणार नाही आणि टेबल नव्या कारणाने अडकेल.